एजियन समुद्र: नाव राजाचं की शेळ्यांचं?

नीलरेषा
ग्रीक कथेतला वीर थिसियस मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला मारायला क्रीटला निघाला, तेव्हा जिवंत परतलो तर पांढरं शीड लावीन असं बापाला सांगून गेला. परतताना विसरला. काळं शीड पाहून त्याचा बाप, अथेन्सचा राजा ऐगेउस, याने उडी मारून जीव दिला आणि समुद्र झाला 'ऐगायॉन', रोमनांचा 'एगेउम'. सगळीकडे हीच व्युत्पत्ती सांगतात. मला पटत नाही. प्राचीन ग्रीक प्रवासलेखक पौसानियास ही उडी अथेन्समधल्या टेकडीवरच्या अक्रोपोलिसवरून सांगतो. तिथून समुद्र दिसतो, पण किनारा काही किलोमीटर लांब! नाव आधीचं, गोष्ट मागाहून जोडलेली.

काळंशीड
साफ असहमत. रोमन कथासंग्राहक हायगिनस उडी थेट समुद्रात सांगतो. एका कथेच्या दोन तऱ्हा निघाल्या म्हणून कथा बाद होते का? अथेन्सच्या लोकांनी आपल्या राजाचं दुःख त्या पाण्याला दिलं. माझ्या लेखी तेच नावाचं कारण.

नीलरेषा
दुःख खरंच आहे. पण आपण शब्दाचं मूळ शोधतोय. होमरच्या इलियडच्या १३व्या सर्गात समुद्रदेव पोसायडनचा महाल 'ऐगाय' इथे, खोल पाण्यात आहे. हा धागा राजापेक्षा समुद्राच्या जवळचा.

जहाजी
मी रोमन पंडित वाऱ्रोच्या बाजूने. तो म्हणतो, या समुद्रातले सुळके शेळ्यांसारखे दिसतात म्हणून त्यांना 'ऐगेस' म्हणतात. ग्रीकमध्ये ऐगेस म्हणजे शेळ्या. स्वप्नांचे अर्थ सांगणारा ग्रीक लेखक आर्टेमिडोरस तर मोठ्या लाटांनाच लोक ऐगेस म्हणतात असं लिहून गेलाय. नोकरीत असताना एका जुलैत एविया आणि आंद्रोस या ग्रीक बेटांच्या मधून गेलो. मेल्टेमी, म्हणजे तिथला उन्हाळी उत्तरवारा, सुटला होता. आभाळात ढग नाही, आणि पाण्यावर पांढऱ्या शेंड्यांच्या आखूड लाटा एकीमागून एक उसळत होत्या. कळप उधळावा तशा. वाऱ्रो वाचला तो नंतर, पण ते पाणी लगेच आठवलं.

शब्दवेध
मग आपला 'अज' म्हणजे बोकड, तोच हा शब्द!

नीलरेषा
नाही हो, इथे घाई नको. ग्रीक 'ऐ'च्या जागी संस्कृतात 'ए' येतो: ग्रीक 'ऐथो' म्हणजे जाळणं, आपल्याकडे 'एध' म्हणजे सरपण. 'अज'मध्ये तो 'ए' कुठे आहे? 'ऐक्स'ची (ऐगेसचं एकवचन) खरी बहीण आर्मेनियन 'ऐत्स', अर्थ शेळीच.

काळंशीड
लाटांचं वर्णन मनाला लागलं, जहाजी. तरी सांगते, शेळ्यांची गोष्टसुद्धा वाऱ्रोने नाव ऐकूनच लावलेली असू शकते. मग राजालाच का वगळायचं?