बॅलिस्टिक्स तज्ज्ञाच्या शासकीय प्रशिक्षणासाठी अर्ज नेमका कोठे करावा?

कृष्णाकाठ:
मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले असून सध्या साताऱ्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. गुन्ह्यात वापरलेली शस्त्रे, गोळ्या आणि काडतुसे तपासण्याच्या, म्हणजेच बॅलिस्टिक्सच्या कामात जावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. शोध घेताना अमेरिकेतील एटीएफ या संघीय यंत्रणेच्या अकादमीची माहिती वाचनात आली. तेथे नवख्या परीक्षकांना सुमारे वर्षभर शिकवले जाते आणि खर्चही शासन उचलते, असे दिसते. आपल्याकडे असा शासकीय अभ्यासक्रम आहे का, त्यासाठी बाहेरच्या उमेदवाराला थेट अर्ज करता येतो का, आणि भौतिकशास्त्राची पदवी पुरेशी आहे की न्यायसहायक विज्ञानाची (फॉरेन्सिक सायन्सची) आणखी एक पदवी घ्यावी लागेल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. यासाठी आधी पोलीस दलात भरती व्हावे लागते, अशी घरच्यांची समजूत आहे. तीही खरी आहे का?

जुना_विश्लेषक:
आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे घरचे निश्चिंत होतील. पोलीस भरतीचा याच्याशी संबंध नाही. महाराष्ट्रातील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे संचालनालय गृह विभागाच्या अखत्यारीत येत असले, तरी तेथील विश्लेषक हे वैज्ञानिक म्हणून नेमलेले नागरी कर्मचारी असतात. त्यांना गणवेश नसतो आणि मैदानी चाचणीही नसते.

आता मुख्य मुद्दा. आपण प्रशिक्षणाचा अर्ज शोधत आहात, परंतु शोधायची आहे ती पदभरतीची जाहिरात. शस्त्रपरीक्षणाचे खरे शिक्षण नेमणुकीनंतर, प्रयोगशाळेतच, ज्येष्ठाच्या शेजारी बसून होते. वैज्ञानिक सहायकासारखी गट क ची पदे संचालनालयाच्या सरळसेवा जाहिरातीतून भरली जातात, तर सहायक रासायनिक विश्लेषकासारख्या वरच्या पदांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची जाहिरात निघते. केंद्रीय न्यायसहायक प्रयोगशाळांमधील बॅलिस्टिक्सची वैज्ञानिक पदे संघ लोकसेवा आयोग भरतो आणि त्यांपैकी बहुतेकांसाठी अनुभवाची अट असते. पात्रतेत भौतिकशास्त्र हा या शाखेचा मूळचाच विषय आहे, त्यामुळे केवळ या कामासाठी दुसरी पदवी घ्यावी, असे मी म्हणणार नाही. तरीही प्रत्येक जाहिरातीतील शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचावा, कारण 'भौतिकशास्त्र' आणि 'न्यायसहायक विज्ञान' यांच्यामधला 'किंवा' एखाद्या जाहिरातीत गायब असतो. नेमणूक झाली की लगेच बॅलिस्टिक्स विभागच मिळेल, याचीही हमी धरू नये. विषविज्ञानात किंवा सामान्य विश्लेषणात काही वर्षे काढून मग या विभागात आलेले लोक मी पाहिले आहेत.

या कामाची कल्पना यावी म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुलना सूक्ष्मदर्शक म्हणजे प्रकाशीय पुलाने जोडलेले दोन सूक्ष्मदर्शक. एका बाजूला घटनास्थळी सापडलेली गोळी, दुसऱ्या बाजूला जप्त शस्त्रातून प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीत किंवा कापसाच्या पेटीत झाडलेली गोळी, आणि दोन्ही एकाच दृष्टिक्षेत्रात, मध्ये फक्त एक बारीक रेघ. आधी चरांची, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांनी गोळीवर उमटवलेल्या पट्ट्यांची, संख्या, रुंदी आणि पिळाची दिशा पाहायची. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये परंपरेने सहा चर डाव्या पिळाचे, तर स्मिथ अँड वेसनमध्ये पाच उजव्या पिळाचे असतात, म्हणजे येथेच निम्मी संशयित शस्त्रे गळून पडतात. ते जुळले, तरच त्या विशिष्ट नळीच्या बारीक ओरखड्यांकडे वळायचे. कारखान्यात एकाच अवजाराने लागोपाठ घडवलेल्या नळ्यांवर काही खुणा सारख्याच उतरतात आणि नवखा परीक्षक हमखास तेथे फसतो.

पाठ्यपुस्तकात मात्र हे सगळे कारखान्यात बनलेल्या शस्त्रांवर शिकवलेले असते. आपल्याकडे मुद्देमालात येतो तो बहुतेक वेळा गावठी कट्टा. त्याच्या नळीला अनेकदा चरच नसतात, काडतूस नळीत सैल बसते आणि गोळीवर उमटलेल्या खुणा दर वेळी वेगळ्या दिसू शकतात. अशा वेळी भिस्त काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर: तिच्या तळाशी फायरिंग पिनने (काडतुसावर आपटणाऱ्या खिळीने) पाडलेला खळगा आणि ब्रीचच्या, म्हणजे काडतुसाचा तळ जेथे टेकतो त्या भागाच्या, पृष्ठभागाची छाप. कानशीने हाताने घासलेल्या पिनचे टोक इतके ओबडधोबड असते, की त्याची खूण कारखान्यातल्या पिनपेक्षाही बोलकी ठरते. असा कट्टा हातात धरून कोणी झाडत नाही, कारण तो फुटू शकतो. तो शिकंज्यात आवळून लांबून दोरीने चाप ओढतात. शिवाय कित्येक प्रकरणांत प्रश्न एवढाच असतो, की हे शस्त्र चालू स्थितीत आहे काय आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत बसते काय.

मेरीलँडकर:
आपण उल्लेख केलेली अकादमी मेरीलँड राज्यात आहे आणि मी त्याच राज्यातील एका खासगी प्रयोगशाळेत, निराळ्या क्षेत्रात, काम करतो. तेथील प्रवेश हा तेथील संघीय, राज्य किंवा स्थानिक शासकीय प्रयोगशाळांत आधीच नोकरीत असलेल्या परीक्षकांसाठी असतो, त्यामुळे भारतातून वैयक्तिक अर्ज करण्याचा विचार सोडून द्यावा. मात्र अभ्यासक्रमाची मांडणी पाहण्यासारखी आहे: आधी आपापल्या ठिकाणी राहून वाचन, मग काही महिने अकादमीत प्रत्यक्ष काम, शस्त्रनिर्मिती कारखान्यांना भेटी, संशोधन प्रकल्प आणि अभिरूप न्यायालयात साक्ष.

या शास्त्राच्या पायाबद्दल येथे चाललेला वादही आपण वाचावा. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार परिषदेने २०१६ मध्ये असे मत दिले, की या पद्धतीची अचूकता मोजणारा योग्य रीतीने आखलेला अभ्यास त्या वेळी एकच उपलब्ध होता आणि तेवढा पुरेसा नाही. जून २०२३ मध्ये तर मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने अब्रुका खटल्यात, ही गोळी याच शस्त्रातून सुटली असे बिनशर्त मत तज्ज्ञाला देऊ देणे चूक होते, असा निर्णय दिला. भौतिकशास्त्राच्या माणसाला त्रुटीचे प्रमाण आणि अनिश्चितता यांची भाषा अंगवळणी पडलेली असते. माझ्या मते आपली खरी बलस्थाने तीच आहेत.

फौजदारी_वकील:
वरील उत्तरांना कायद्याची बाजू जोडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे अपेक्षित आहे आणि राज्यांना ही तरतूद लागू करण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. प्रयोगशाळांवरील भार आणि मनुष्यबळाची गरज यामुळे वाढणार, हे उघड आहे.

शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल त्याच संहितेच्या कलम ३२९ खाली साक्ष न घेताही पुराव्यात वाचता येतो. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २९३ व्या कलमातील तज्ज्ञांच्या यादीत आपल्या परळच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचेही नाव होते, हे पुष्कळ वकिलांनासुद्धा ठाऊक नसते.) परंतु न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते, आणि गंभीर खटल्यात बचाव पक्ष तसा आग्रह धरतोच. मी स्वतः उलटतपासणीत सूक्ष्मदर्शकाबद्दल उशिरा विचारतो. पाकिटावरील सील कोणी, केव्हा आणि कोणत्या स्थितीत पाहिले, पुंगळी पोलीस ठाण्यात किती दिवस पडून होती, चाचणीसाठी झाडलेली काडतुसे किती व कोणत्या बनावटीची होती, तुलनेची छायाचित्रे अहवालासोबत का जोडली नाहीत, हे प्रश्न आधी येतात. तज्ज्ञमताचे महत्त्व मात्र न्यायालये जाणतात. सुखवंतसिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९९५ च्या निकालात जप्त शस्त्र आणि पुंगळी बॅलिस्टिक्स तज्ज्ञाकडे न पाठवणे अभियोग पक्षाला भोवले होते.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाहिरात निघेपर्यंतचा काळ वाया जाऊ नये म्हणून राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम करावा का? गोव्यात फोंड्याजवळ त्यांचे केंद्र आहे, त्यामुळे ते तुलनेने सोयीचे वाटते.

जुना_विश्लेषक:
हाती दोन वर्षे आणि शुल्काची तजवीज असेल, तर करण्यास हरकत नाही. जाहिरातीत न्यायसहायक विज्ञानाची पदवीच मागितली, तरी आपण अडणार नाही. फक्त प्रवेश घेण्यापूर्वी त्या केंद्रात तुलना सूक्ष्मदर्शकावर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष किती तास बसू देतात, हे तेथील आजी विद्यार्थ्यांना विचारून घ्यावे. माहितीपत्रकात उपकरणाचे छायाचित्र सर्वच संस्था छापतात. ते जमणार नसेल, तर नोकरी न सोडता प्रकाशिकी, पृष्ठभागांचे मापन आणि संख्याशास्त्र यांची उजळणी करावी आणि लोकसेवा आयोग व संचालनालय या दोहोंच्या संकेतस्थळांवर दर आठवड्याला नजर टाकावी. वयोमर्यादेचा हिशेब आजच करून ठेवावा, कारण दोन जाहिरातींमध्ये किती काळ जाईल, हे आपल्या हातात नसते.