मदत हवी आहे : मे महिन्यात तीर्थन खोऱ्यात ट्राउट, पाणी गढूळ मिळेल का?

राम राम मंडळी,

लहानपणापासून पंचगंगेला गळ टाकतोय. बांबूची काठी, कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ, आणि मृगाचा पाऊस पडला की ओढ्याला चढणीचे मासे. गेल्या वर्षी फ्लाय फिशिंगचा, म्हणजे हुकावर पिसं-दोऱ्यानं बांधलेली खोटी माशी टाकून मासा धरायचा, नाद लागला, आणि कोल्हापूरकराला लागलेला नाद तुम्हाला माहीतच आहे. आता हिमाचलात तीर्थन नदीवर, गुशैणीच्या आसपास, ब्राउन ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मागं जायचंय. तळ्यात पाळलेला रेनबो ट्राउट नको, नदीत वाढलेलाच पाहिजे.

घोडं तारखांवर अडलंय. रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आत, घरी यायलाच पाहिजे. धूळवाफ पेरणीला मी नसलो तर वडील घरात घेणार नाहीत. मिरजेहून गोवा एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून मनालीची रात्रीची बस, औटच्या बोगद्याआधी उतरून बंजार आणि पुढं गुशैणी. येणं-जाणं धरून नदीवर आठ दिवस मिळतात. पण मे म्हणजे वरचं बर्फ वितळायचा काळ. पाणी गढूळ असेल तर मासा माशी बघणार कशी? सप्टेंबर-ऑक्टोबर बरा म्हणतात, पण तेव्हा आमच्याकडं भात कापणीला येतं.

दुसरं म्हणजे फेक. नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड घेतलाय. रोज सकाळी कळंबा तलावाच्या काठावर सराव करतो. मागं दोरी नेऊन पुढं आणली की आसुडासारखा फट्ट आवाज येतो आणि माशी गायब. माश्या मीच बांधतो. तांबड्या रश्श्यासाठी कापलेल्या गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आणि शिवणाचा दोरा. आजवर अकरा गेल्या, त्यातली एक समोरच्या बाभळीवर अजून दिसते.

आणि बरोबर मेहुणा आहे. धरलेला मासा परत सोडायचा म्हटल्यावर त्यानं विचारलं, "मग एवढ्या लांब जायचं कशाला?"

प्रतिसाद १

खुशाल जा. बर्फ ऊन चढल्यावर वितळतं, म्हणून पाणी दुपारनंतर वाढतं आणि गढुळतं. उजाडल्यापासून दहा-अकरापर्यंत त्यातल्या त्यात निवळ असतं, तेवढ्यात मासे धरायचे. नदी फारच तांबूस दिसली तर बाजूच्या लहान नाल्यांकडं वळा. वरवर तरंगणाऱ्या माशीचा हट्ट नको. वजनाची, बुडणारी माशी मोठ्या दगडांच्या मागं, पाणी जिथं मंद होतं तिथं सोडा. ट्राउट प्रवाहाकडं तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या बाजूनं वर चढत जा.

फट्ट आवाज येतो कारण तुम्ही थांबत नाही. आपल्या गळाला शिशाचं वजन असतं, इथं वजन दोरीतच आहे. ती मागं पूर्ण सरळ झाल्याशिवाय रॉड पुढं आणायचा नाही. मान वळवून दोरीकडं बघा, लाज वाटून घेऊ नका.

हंगाम मार्च ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासे अंडी घालतात म्हणून बंदी. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा, किती आणि केवढे मासे ठेवायचे ते त्यावरच्या अटींत बघा. वरचं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान २०१४ पासून जागतिक वारसा आहे, तिथं शिरायची परवानगी वेगळी.

प्रतिसाद २

एकच सांगतो. तीर्थन लारजीजवळ बियासला मिळते. तिथं धरण आहे, त्याच्या खाली पात्रात पाय घालू नका. जून २०१४ मध्ये अचानक सोडलेल्या पाण्यात २४ विद्यार्थी वाहून गेले. वरच्या अंगालाही पाणी चढताना दिसलं की आधी काठ गाठा, रॉड मागाहून.

धागाकर्ता

लई आभार. ११ मेचं तिकीट काढतो. आज सकाळी मान वळवून बघितलं, दोरी खरंच अर्धीच मागं जात होती. वीस फेकींत एकही माशी गेली नाही. हुकांच्या टोकाजवळचे उलटे काटेही पकडीनं दाबून टाकलेत, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटणार नाही.

मेहुण्याला सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, "बरं, सोडूया. पण निघताना सुकटाची पिशवी घे."