टोमणा ज्याला बसला, त्यानंच का बोलायचं?

रात्रपाळी_परभणी
काल एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, "दवाखान्यात जातीधर्मावरून थोडीफार चेष्टा चालतेच. मनावर घेऊ नये, पेशंट महत्त्वाचा." खाली अंगठ्यांची रांग. मला काही झोप लागंना, म्हणून लिहितेय.

चेष्टा कशी असते सांगते. लेबर रूम, रात्रीचा हँडओव्हर. चौथ्या खेपेची मुस्लिम बाई आलेली, कळा सुरू. सिनियर सिस्टर केसपेपरवरून मान वर न करता म्हणते, "कारखाना चालूच आहे यांचा." आणि आमच्या मुस्लिम ज्युनियरला, "तुमच्यातलीच आहे, तुम्हीच घ्या." पोरगी हसली. न हसून करते काय? ड्युटी लिस्ट त्याच सिस्टरच्या हातात.

साहेब, तुमचा सल्ला त्या पोरीला झाला. माझं म्हणणं, तिथं उभे असलेले बाकीचे चौघं काय करत होते? बोलायचं त्यांनी. भाषण नको. "सिस्टर, बाईचं बीपी किती आहे, ते सांगा आधी," एवढं पुरतं. नाहीतर "काय म्हणालात? परत सांगा." तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

निवृत्त_सर्जन
ते डॉक्टरसाहेब मीच. ताई, उभी हयात सरकारी दवाखान्यात गेली माझी. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, ताण असतो, माणूस चार शब्द बोलून मोकळा होतो. शब्दाशब्दाचा हिशोब मागायला लागलात तर टीम राहणार नाही. मला "भटजीबुवा, मुहूर्त काढा मग चिरू" म्हणायचे. मी हसायचो, विषय संपायचा.

तांड्यावरची
सर, तुम्हाला भटजीबुवा म्हणणाऱ्याचा गोपनीय अहवाल तुम्ही लिहीत होता. म्हणून हसू आलं. आम्हाला "तांड्यावरून आलीस, निर्जंतुक म्हणजे काय ठाऊक आहे का" म्हणणारी आमचा अहवाल लिहिते. दोन्ही एकच कसं ओ?

कंत्राटी_माणूस
रात्रपाळी ताई, ते चौघं बोलतील हे तुम्ही पर्मनंट आहात म्हणून लिहिताय. आमची ऑर्डर अकरा महिन्यांची, मधे ब्रेक, मग परत साहेबांची मर्जी. आमच्या लॅबला चहा येतो, सगळ्यांना स्टीलचे कप, सफाईवाल्या मामांना कागदी. मी माझा कप मामांना दिला अन् कागदी स्वतः घेतला. तोंडातून शब्द काढला नाही. तर मलाच "आले बघा समाजसुधारक" सुरू झालं. मामा तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, माझ्या पायी तुमची नोकरी कामून घालवता?

लातूर_रिपीटर
कुणी खरं बोलत नाही म्हणून बोलतो. टोमणे हवेतून येत नाहीत. दोन-दोन वर्षं नीटच्या ट्यूशनच्या खोलीत काढायची अन् बाजूचा आरक्षणातून कमी मार्कांवर आत. राग कुठंतरी निघणारच.

जालन्याची_मोसंबी
आलं मेरिट! २०२३ ला नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेशाचा, कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला, सगळ्या प्रवर्गांसाठी. तेव्हा कुणाला टोमणा मारला? खाजगीत एनआरआय कोट्याच्या सीटवर बसणाऱ्याला स्टाफरूममध्ये "कोट्यातला" म्हणतात का? त्याला "सर" म्हणतात.

लातूर_रिपीटर
शून्याचं मान्य, ती चूकच. पण मग ७०:३० बद्दलही बोला. सप्टेंबर २०२० ला रद्द केलं. आधी मराठवाड्यातल्या कॉलेजच्या ७० टक्के जागा इथल्या पोरांना होत्या. आता पुण्या-मुंबईची येतात, डिग्री घेतात, एसटी पकडून परत. मग जिल्ह्याला डॉक्टर मिळत नाही म्हणून बोंबलायचं.

जालन्याची_मोसंबी
उलटं आहे ते. इकडं कॉलेजं मोजकी, तिकडं ढीगभर, अन् तिकडच्या ७० टक्क्यांत आपल्याला पाय ठेवता येत नव्हता. रद्द झालं तेव्हा लातुरातच आनंद झाला होता. तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री लातूरचेच होते.

लातूर_रिपीटर
मंत्री लातूरचे म्हणून निर्णय बरोबर? वा! आमच्या गल्लीतला पोरगा ७०:३० मुळं लागला, ते गेल्यावर त्याच्या धाकट्या भावाला बीडीएस, दातांची डॉक्टरकी, घ्यावं लागलं. हे तुम्हाला जालन्यात बसून नाही कळायचं.

जालन्याची_मोसंबी
जालन्यात काय आम्ही मोसंब्याच सोलतो का? माझी भाची तुमच्याच लातुरात शिकून मुंबईला लागली. ७०:३० असतं तर लागली असती का, ते सांगा.

रात्रपाळी_परभणी
अरे, विषय काय, तुम्ही चाललात कुठं? त्या बाईला कळा सुरू आहेत अन् तुम्ही तिला नीटचे मार्क विचारताय. रागाला वाट पाहिजे तर मंत्रालयाला पत्र लिहा. वॉर्डात तो राग ज्युनियर पोरीवर अन् पेशंटवर निघतो, त्याचं बोला.

निवृत्त_सर्जन
तक्रारीची सोय आहे की. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहे.

तांड्यावरची
सर, तो अनुसूचित जाती-जमातींसाठी. महाराष्ट्रात आम्ही बंजारा व्हीजेत, म्हणजे विमुक्त जातींत, येतो, आम्हाला तो लागू नाही. त्या मुस्लिम पोरीलाही नाही. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्यानं समिती तरी सक्तीची केली. "तांड्यावरची" ऐकल्यावर मी कुणाच्या टेबलावर अर्ज ठेवू? अन् ज्यांना कायदा लागू होता त्यांचं काय झालं? डॉ. पायल तडवी, आदिवासी रेसिडेंट डॉक्टर, मे २०१९, मुंबई. जीव दिला, सिनियर डॉक्टरांवर जातीवरून छळाचा आरोप. घरचे सांगत होते की तक्रार आधीच दवाखान्यातल्या वरिष्ठांच्या कानावर घातली होती.

निवृत्त_सर्जन
तो खटला न्यायालयात आहे, त्यावर बोलणार नाही. बाकी ठीक आहे बाई, आम्हीच गुन्हेगार, आता ओटीत मौनव्रत धरायला सांगतो सगळ्यांना. ते बीपीचं वाक्य मात्र बरं आहे. माझी सून रेसिडेंट आहे, तिला सांगतो.

कंत्राटी_माणूस
सुनेला नको, सर. तुमच्या हाताखाली शिकलेले आज कुठंकुठं विभागप्रमुख आहेत, त्यांना फोन करा. त्यांनी बीपी विचारलं तर सिस्टर गप्प बसंल. मी विचारलं तर माझी ऑर्डर निघायची नाही.

निवृत्त_सर्जन
दोघा-तिघांना करून बघतो. ऐकतील याची गॅरंटी नाही, माझंच शिकून गेलेत.

लातूर_रिपीटर
७०:३० चं मात्र कुणीच बोललं नाही.