स्टार वॉर्सची जुनी खेळणी: खोकं उघडायचं की तसंच ठेवायचं?

कक्षाभ्रमण

केनर या खेळणी कंपनीच्या जुन्या स्टार वॉर्स फिगर्स, म्हणजे सिनेमातल्या पात्रांच्या छोट्या बाहुल्या, जमवणाऱ्यांत एकच गोष्ट सगळ्यात वरची मानली जाते: पाकीट फुटलेलं नसावं. कार्डावरचा प्लास्टिकचा बबल शाबूत, बाहेरून ॲक्रिलिकची पेटी, पेटीवर ग्रेडिंगवाल्यांनी, म्हणजे वस्तूची स्थिती तपासणाऱ्यांनी, दिलेले गुण. मला हे मुळातच चुकीचं वाटतं.

१९६४ साली हॅस्ब्रो कंपनीचा जी. आय. जो हा सैनिक बाहुला आला तो फूटभर उंच होता. सिनसिनाटीच्या केनरने स्टार वॉर्ससाठी ही उंची पावणेचार इंचांवर आणली आणि त्यामागचं एक मोठं कारण सिनेमातली यानं होती. फूटभर उंचीच्या हान सोलोला बसता येईल असं मिलेनियम फाल्कन केलं असतं तर ते ठेवायलाच वेगळी खोली लागली असती. फिगर लहान झाली ती यानात बसावी म्हणून! एक्स-विंगमध्ये ल्यूकला बसवायचं, मागचं आर-टू-डी-टू या रोबोचं डोकं दाबायचं, की पंख फाकतात. टाय फायटरची बटणं दाबली की दोन्ही पंख गोळा लागल्यासारखे निखळून पडतात. १९७९ च्या फाल्कनचं कॉकपिट उघडतं, आत चोरकप्पा आहे, पटावरच्या खेळाचं टेबल आहे. यानांवरचे स्टिकरसुद्धा पोरांनी घरी चिकटवायचे असत. कारखान्यातून वस्तू अर्धवटच निघायची, ती पूर्ण व्हायची घरात.

ज्यांच्याकडे बंद खोकी आहेत त्यांनी ती उघडावीत, आणि वारसांवर न सोडता स्वतः उघडावीत.

जुनं कार्ड

पूर्णपणे असहमत. यानांबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, पण त्यातून हा निष्कर्ष निघत नाही.

केनरच्या कार्डामागे त्या वेळी मिळणाऱ्या फिगर्सचे फोटो असत. पहिल्या कार्डांवर बारा, म्हणून जमवणारे त्यांना ट्वेल्व्ह-बॅक म्हणतात. पुढे वीस, एकवीस, एकतीस असे आकडे वाढत गेले. मागची बाजू बघितली की कुठल्या काळातली खेप आहे ते कळतं. सुट्या फिगरवरून हे सांगता येत नाही.

जावा या झगेवाल्या बुटक्या पात्राच्या फिगरचंच घ्या. सुरुवातीच्या जावाला व्हिनाइलचा झगा होता, केनरने तो लवकरच कापडी केला. व्हिनाइलवाला दुर्मीळ, त्यामुळे त्याला जबर भाव. मग ओबी-वान या दुसऱ्या फिगरचा व्हिनाइल झगा कापून साध्या जावाला चढवणारे निघाले. सुटा जावा घेताना चांगले जाणकारही फसतात. बबलमधला जावा हाच मोठा पुरावा.

आणि केनरने १९८५ पर्यंत कोट्यवधी फिगर्स विकल्या. जवळपास सगळ्या मुलांनी उघडल्या, खेळल्या, हरवल्या, कुत्र्याने चावल्या. खेळून झालंय हो! उरलेल्या मूठभरांना तरी सोडा.

कृष्णाकाठ

दोघांचंही वाचलं. मला आधी पैशांबद्दल बोलायचंय.

केनरने बोबा फेट या पात्राची पाठीवरून रॉकेट उडवणारी फिगर जाहीर केली होती. त्याच सुमारास मॅटेलच्या एका वेगळ्या खेळण्यातल्या यानातून सुटलेलं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं. शेवटी केनरने रॉकेट पक्कं बसवूनच तो बाजारात आणला. उडणारा दुकानात कधी आलाच नाही. त्याचा एक नमुना २०२४ मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला. मुलांना धोका म्हणून मागे घेतलेल्या वस्तूला एवढी किंमत, हे मला अस्वस्थ करतं. भारतात बसून हे जमवणाऱ्यांनी तर आणखी विचार करावा. २०२० पर्यंत खेळण्यांवर २० टक्के आयात शुल्क होतं, ते आधी ६० आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झालं. एवढा भुर्दंड सोसून आणलेलं खोकं कोण उघडेल?

जुनं कार्ड

@कृष्णाकाठ, तो नमुना म्हणजे लाखांत एक. त्यावरून अख्ख्या छंदाला मोजू नका. सुटी, वापरलेली साधी फिगर आजही माणसाच्या आवाक्यात आहे.

बहुवारिक

प्लास्टिकशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून तेवढंच लिहितो. बंद ठेवलं म्हणजे टिकलं, हा समज सोडा. बबल स्वतःच पिवळा पडतो. पांढरी एक्स-विंग उजेडाने आणि उष्णतेने पिवळी पडते, खोक्यातलीही. हायड्रोजन पेरॉक्साइडने ती पांढरी करणारे बरेच आहेत, पण रंग पुन्हा येऊ शकतो, आणि प्रमाण चुकलं तर चट्टे पडतात. मऊ पीव्हीसीच्या भागांतून मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि फिगर चिकट होते. हवाबंद पेटीत ते पुसायलाही मिळत नाही. अंधार, थंडावा आणि कोरडी हवा हवी. कोकणात राहणाऱ्यांनी आर्द्रतेकडे जास्त बघावं, आधी कार्डच फुगतं.

कक्षाभ्रमण

@बहुवारिक, उत्तम माहिती. यानंतर बंद पेटीची बाजू घेणं अवघड आहे.

@जुनं कार्ड, जावाचा मुद्दा वजनदार आहे. पण सुरुवात कशी झाली ते आठवा. सिनेमा मे १९७७ मध्ये आला आणि नाताळपर्यंत केनरकडे एकही फिगर तयार नव्हती. म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवायचं, मग १९७८ मध्ये ल्यूक, लेआ, च्युबाका आणि आर-टू घरी यायचे. या पहिल्या चौघांना कार्डही नव्हतं, बबलही नव्हता. मुलांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली ती हातात घ्यायच्या वस्तूची. माझ्यासाठी या छंदाचा मूळ पुरुष तो मुलगा आहे.

जुनं कार्ड

तो पुठ्ठा फिगर्स उभ्या करायचा स्टँड होता, त्यावर पहिल्या बारा फिगर्सची चित्रं होती. बहुतेक घरांनी तो फेकला. ज्यांनी ठेवला त्यांच्यामुळे आज आपण दोघं त्यावर बोलतोय. तुमचा मुलगा मलाही प्रिय आहे. पण त्याच्या हातात पुन्हा काही द्यायचं तर पुढच्या माणसासाठी एक तरी कार्ड न फाडलेलं लागेल. माझी मी उघडणार नाही.

कक्षाभ्रमण

तुम्ही कार्डं ठेवा, त्यांना खरंच मोल आहे. यानांबद्दल मात्र मी मागे हटत नाही. खोक्यातलं फाल्कन कुठल्या खेपेचा पुरावा म्हणून ठेवायचं, ते सांगा.

जुनं कार्ड

खोक्याच्या बाजूंवरचे फोटो आणि मजकूर त्याच कामाचे आहेत. यादी करून उद्या टाकतो.