अनुभव धागा: कठीण दिवसांत प्रभूनं तुम्हाला कसं सावरलं?

शाहूपुरीची लेक
काल कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेल्याचा मेसेज आला आणि 2019 चा ऑगस्ट जसाच्या तसा डोळ्यांपुढं उभा राहिला. तेव्हा ह्यांचं डायलिसिस चालू होतं, एक दिवसाआड. पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आमच्या खालच्या मजल्यात कमरेएवढं. मी जिन्यात बसून बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हणत होते. लहानपणापासून पाठ, तरी मधेच अडखळत होते. आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण संघाची पोरं ट्रकच्या ट्यूबा बांधून फळी घेऊन आली. ह्यांना फळीवर झोपवलं. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायच्या हाताला घाण पाणी लागू नये म्हणून एका पोरानं तो हात सगळी वाट वर धरून ठेवला. स्वतः छातीएवढ्या पाण्यात.

हे पुढच्या वर्षी गेले. प्रार्थना केली म्हणून माणूस वाचला, असं सांगायला मी आले नाही. पण नंतर उठून घर चालवायला, दर रविवारी त्याच बाकावर एकटीनं बसायला जे बळ लागलं ते माझ्याजवळचं नव्हतं. ते प्रभूनंच पुरवलं. तुमचेही अनुभव लिहा. ख्रिस्ती असा, नसा.

बावडेकर
वहिनी, काटा आला अंगावर. आमच्याकडं बी तेव्हा माणसं गच्चीवर होती. शिरोलीजवळ हायवे बंद, गॅस नाही, दूध नाही. आता किती फूट आहे?

पंचगंगाकाठ
@बावडेकर सकाळी 40 ला टेकलंय. 43 ला धोका पातळी. राधानगरीकडं पाऊस कमी झालाय म्हणतात. जनावरं आधी हलवा.

दोन लेकरांची आई
भाजी गॅसवर आहे, जमेल तेवढं लिहिते. माझं पहिलं बाळ जन्मून चौथ्या दिवशी गेलं. भेटायला येणारं प्रत्येक जण म्हणायचं, देवाची काही योजना असेल. चांगल्या मनानंच म्हणत होते, पण मला चर्चमध्ये पाऊल टाकवेना. बायबल उघडलं की आशीर्वादाची वचनं नकोशी व्हायची.

आमच्या पाळकांच्या मिसेस एकदा आल्या, काहीही न बोलता भांडी घासली, चहा केला. जाताना 88 वं स्तोत्र वाच म्हणाल्या. ते अंधारातच संपतं. शेवटी गोड केलेलं नाही. मी ते रात्री मोठ्यानं वाचलं आणि पहिल्यांदा पोटातून रडले. देवाला असं बोललेलं चालतं, त्याच्याच ग्रंथात तसं लिहून ठेवलंय, हे कळल्यावर मी परत प्रार्थना करू लागले. भांडणाचीच प्रार्थना होती बरेच महिने.

आणि बायबलातल्या त्या दुःखानं पिचलेल्या ईयोबाचे मित्र! ते आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. दुःखाच्या घरी जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं हो.

शाहूपुरीची लेक
@दोन लेकरांची आई बाळा, जवळ असतीस तर पोटाशी धरलं असतं तुला.

वाचनवेडी मिरज
@दोन लेकरांची आई तुमचं वाचून पंडिता रमाबाई आठवल्या. आईवडील दुष्काळात गेले, 1882 मध्ये नवरा गेला, आणि 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा. तरी मराठी बायबलचं काम हातातून सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. मुलीनंतरचे ते महिने त्यांनी कसे काढले असतील, हा विचार मनातून जात नाही.

खासबाग
मी हिंदू, माळकरी घरातला. आईचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन दवाखान्यात झालं. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेला तोच. आदल्या रात्री नाईटच्या सिस्टरनं विचारलं, आजी, प्रार्थना करू का तुमच्यासाठी? आई म्हणाली, कर की ग, देवाचं नाव कुणाचंबी असूदे. सिस्टरनं डोळे मिटले, आईनं उशाखालची माळ हातात धरली. आईला त्या रात्री गाढ झोप लागली. आई आता नाही, पण असेपर्यंत दर नाताळला त्या सिस्टरना फोन करायला लावायची.

गोड घास
नाताळचा विषय निघालाच आहे तर, कॅरल राउंडला (घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरतो तेव्हा) पन्नासेक माणसांना करंज्या लागतात. आदल्या दिवशी तळल्या तर मऊ पडतील का?

वाचनवेडी मिरज
@गोड घास मोहन कडकडीत घाला आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. सारण कोरडं हवं.

करवीरचा शेतकरी
2021 ला सगळा ऊस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर रानात गेलो तर शेंडे कुजलेले, वास येत होता. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. फवारणीच्या औषधाची बाटली गोठ्यात ठेवलेली, तिकडं नजर जायची. खोटं कशाला सांगू.

रविवारी पाळकांनी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय घेतला. अंजिराला फूल नाही, रानात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. आनंद मला झाला नाही. पण ह्या माणसानं माझं रान बघितलंय असं वाटलं. उपासना संपल्यावर पाळकांना बाटलीचं सांगितलं. ते तसेच माझ्या गाडीवर बसून घरी आले, बाटली घेऊन गेले, आणि सोमवारी मला डॉक्टरांकडं घेऊन गेले. गोळ्या चालू होत्या वर्षभर. प्रार्थना बी आणि गोळ्या बी. कुणाच्या मनात असलं काही येत असेल तर आजच कुणाला तरी सांगा, दम धरू नका.

बावडेकर
भावा, सांगितलंस हे लई मोठं केलंस. यंदा उसाची लागण केलीस का?

करवीरचा शेतकरी
केलीय, वरच्या रानात. खाली भात.

नवीन सभासद
पहिल्यांदाच लिहितेय. गुरुवारी कोल्हापुरात आईची बायपास आहे. आम्ही गडहिंग्लजचे, इथं ओळखीचं कुणी नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.

शाहूपुरीची लेक
@नवीन सभासद ठेवणारच, आज संध्याकाळी भगिनी मंडळात नाव घेते. दवाखाना कुठला ते मला वेगळ्या मेसेजमध्ये कळव. बुधवारपासून दोन्ही वेळचा डबा माझ्याकडून. आईला तिखट चालतं की अळणी?