कांदा ८० वर गेला की ओरड, रुपयावर आला की हळहळ. निर्णय मात्र ओरडीवरच का होतात?

गोल्टी_निफाड
दिवाळीच्या तोंडावर कांदा चढला की मोबाईलवर काय सुरू होतं ते आता सगळ्यांना पाठ झालंय. तिजोरीत ठेवलेला कांदा, कांद्याची अंगठी, लग्नात आहेर म्हणून कांद्याची परडी. मागोमाग वाहिन्यांवर 'कांद्याने केला वांधा'. आणि त्याच्या मागोमाग दिल्लीहून अधिसूचना.

२०२३ चं बघा. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायचाच नाही. तेवढ्यानं भागेना म्हणून ८ डिसेंबरपासून सरळ बंदी.

त्याच वर्षी फेब्रुवारीत काय झालं होतं? बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरला ५१२ किलो कांदा विकला आणि हातात पडला २ रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. फोटो गावोगाव फिरला. रडके चेहरे, हात जोडलेले इमोजी, 'बळीराजा माफ कर'. दोन दिवसांत लोक पुढच्या बातमीला लागले. राज्यानं पुढे क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत.

माझं म्हणणं इतकंच आहे की सरकार शहरातल्या रागाला घाबरतं, आमच्याविषयीच्या कळवळ्याला नाही. चिडलेला माणूस मत फिरवेल अशी त्यांना धास्ती असते. हळहळणाऱ्याची कसली धास्ती? तेव्हा ते विनोद पुढे ढकलताना दोन मिनिटं विचार करा.

पोळीभाजी_ठाणे
भाऊ, शहरातला म्हणजे कोण ते आधी ठरवा. माझं पोळीभाजी केंद्र आहे. कांदा ८० ला गेला की मी रश्श्यात कांदा कमी करून दुधी वाढवते, कारण डब्याचे दहा रुपये वाढवले तर गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत जातं. भुर्जीपाववाला, भजीवाला, सगळ्यांचं तेच. आमच्यातल्या कुणी कांद्याची अंगठी बनवून टाकलेली मी तरी पाहिली नाही. पहाटे चारला कणीक तिंबायची असते.

ज्यांना ८० काय नि १२० काय, सारखंच, त्यांचे ते विनोद. त्यांच्यावरचा राग आमच्यावर कशाला काढता? आम्हाला स्वस्त कांदा हवा म्हणजे शेतकरी मरावा असं आम्ही कुठे म्हणालो?

पट्टी_वाचा
त्या २ रुपयांच्या चेकवर सगळे बोलतात, सोबतची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, कुणी वाचली का? तीही फिरत होती. क्विंटलला १०० रुपये भाव, म्हणजे ५१२ रुपये. त्यातून हमाली ४०.४५, तोलाई २४.०६, मोटारभाडं १५ आणि रोख उचल ४३०. एकूण कपात ५०९.५१. राहिले २.४९.

रोख उचल म्हणजे आधीच हातात घेतलेले पैसे. म्हणजे संतापायचं असेल तर ते किलोला १ रुपया या भावावर. पण फोटोत चेक दिसत होता, भाव दिसत नव्हता. मग सगळा राग त्या व्यापाऱ्यावर निघाला, त्याचा परवाना पंधरा दिवसांसाठी निलंबित झाला आणि न्याय झाल्याच्या आनंदात लोक घरी गेले. भाव का पडला, हे कुणी विचारलंच नाही.

गोल्टीभाऊ, हा प्रश्न तुम्हीही टाळलात. त्या फेब्रुवारीत निर्यात खुली होती. बंदी नव्हती, शुल्क नव्हतं. २०२२-२३ मध्ये देशातून २५ लाख टनांच्या वर कांदा बाहेर गेला. तरीही १ रुपया भाव निघाला, कारण रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपातला कांदा एकदम बाजारात आला. तो टिकत नाही, ऊन वाढलं की विकावाच लागतो. याचं खापर शहरातल्या विनोदांवर कसं फोडणार?

गोल्टी_निफाड
रांगड्याचं कबूल. पण मी बोलतोय ते उन्हाळ, म्हणजे रब्बीच्या कांद्याबद्दल, कारण शुल्क नि बंदीचा घाव बसतो त्याच्यावर.

एप्रिल-मेमध्ये काढायचा, कांदाचाळीत साठवायचा, नि सप्टेंबर-ऑक्टोबरची वाट बघायची. ऑगस्टमध्ये एकदा या आमच्याकडं. वरचा थर बघून वाटतं माल झकास आहे. हात खाली घातला की बोटांना चिकट काळं पाणी लागतं आणि असा वास येतो की पुढचा तासभर चहा नको वाटतो. मग बायका लावून निवड करायची, सडलेला उकिरड्यावर, कोंब आलेला वेगळा, गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी. शंभर क्विंटल भरलेत तर पासष्ट-सत्तर निघतात. त्यावर मजुरी नि सोसायटीच्या कर्जाचं व्याज. मे महिन्यात १२ रुपयांनी न विकता जे थांबलो, त्याची भरपाई त्या दोन महिन्यांच्या भावात असते. आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत तुमचे विनोद नि दिल्लीची अधिसूचना.

ताई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही घेता तो कांदा आमच्याकडून ३५ ला गेलेला असतो.

आकडेमोड
धाग्याचा मूळ मुद्दाच मला पटत नाही. सरकार इंटरनेटवरच्या विनोदांना घाबरून निर्णय घेतं, हा आपण इंटरनेटवर पडीक असणाऱ्यांचा गोड गैरसमज आहे.

ग्राहक व्यवहार खातं साडेपाचशे केंद्रांवरून रोजचे भाव गोळा करतं. किरकोळ महागाईच्या २०१२ पायाच्या निर्देशांकात कांद्याचा भार ०.६४ टक्के होता. ऐकायला चिल्लर वाटतो, पण भाव दुप्पट झाला तर एवढ्याशा भारानंही महागाईचा आकडा अर्ध्या टक्क्याहून जास्त हलतो. आकडा हलला की रिझर्व्ह बँक, व्याजदर, सगळं पुढे येतं. टेबलावर असतो तो तक्ता. तुमची अंगठी नव्हे.

शिवाय १९९८ ला दिल्लीत भाजपचं सरकार गेलं तेव्हा कांद्याच्या भावाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तेव्हा कुठे होतं फेसबुक? सरकारांना कांद्याची भीती तेव्हापासूनची आहे. आपण फक्त तिची चित्रं काढतो.

सकाळचा_निरोप
२०१० ला निर्यात कुणी थांबवली? तेव्हा केंद्रात कृषिमंत्री कोण होते? महाराष्ट्रातलेच ना? तेव्हा तुम्ही मूग गिळून बसला होता. आता बरा कंठ फुटला.

गोल्टी_निफाड
काका, बंदी कुणीही घालो, बाजार समितीत ट्रॅक्टर आमचाच अडकतो. आणि हिशेबच काढायचा तर सगळा काढू. ५ जून २०२० च्या वटहुकमानं कांदा-बटाटा जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या जाचातून सोडवले म्हणून आमच्या गटात तुमच्यासारख्यांनी अभिनंदनाचे फलक फिरवले होते. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली. मधे गेले जेमतेम एकशे एक दिवस!

मधला_बाक
मला भलतंच खटकतं. आपण धोरणावर भांडतच नाही, वाक्यांवर भांडतो.

डिसेंबर २०१९ चं निर्मला सीतारामन यांचं लोकसभेतलं वाक्य आठवा, आमच्या घरात कांदा-लसणाशी फारसा संबंध नाही अशा अर्थाचं. त्या बोलत होत्या कांद्याची साठवणूक, आयात यावर. मधेच एका खासदारानं 'तुम्ही कांदा खाता का' असं टोकलं, त्यावर दिलेलं ते उत्तर. फिरलं तेवढंच उत्तर. साठवणुकीबद्दल त्या काय म्हणाल्या, ते बरोबर की चूक, यावर एक पोस्ट मला दिसली नव्हती.

ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातले मंत्री दादा भुसे म्हणाले की ज्यांना परवडत नाही त्यांनी दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काही बिघडत नाही. माजोरडं वाक्य, शिव्या खायच्या लायकीचंच. पण त्याच दमात ते असंही म्हणाले होते की दहा लाखांची गाडी वापरणाऱ्यानं दहा-वीस रुपये जास्त द्यायला काय हरकत आहे. गोल्टीभाऊ, हे तर तुमचंच म्हणणं की! ते कापून टाकलं गेलं. शुल्क बरोबर होतं का, यावर बोलायची वेळ आली तेव्हा महाराष्ट्र भुसेंच्या व्यंगचित्रांत रमला होता.

पोळीभाजी_ठाणे
दहा लाखांची गाडीवाला देईल हो जास्त. ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं खाऊ नये म्हणाले, त्याचं काय? ते वाक्य लोकांना लागलं, म्हणून फिरलं. मंत्री बोलले तर लोकांनी मागचं-पुढचं शोधत बसायचं, आणि आम्ही बोललो की उथळ?

दुबई_देरा
बंदीच्या त्या महिन्यांत इथल्या दुकानांत पाकिस्तानी कांदा भरला होता. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की परत आणायला वेळ लागतो. यावर विनोद कुणी केला नाही, कारण नाशिकमधल्या कुणाला ते दिसत नव्हतं.

पट्टी_वाचा
@आकडेमोड, तक्ता असतो हे खरं, पण ओरडीचा काहीच उपयोग नाही हेही खरं नाही. एप्रिल २०२४ आठवा. महाराष्ट्राच्या कांद्याला बंदी चालू, आणि २५ तारखेच्या सुमारास गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी. आमच्या भागातल्या एकेका गटात रात्रभर तोच विषय. या वेळी कुणी रडके चेहरे टाकत नव्हतं, लोक भडकले होते, आणि निवडणूक चालू होती.

दोन दिवसांत केंद्राचं पत्रक आलं: ९९,१५० टन निर्यातीला परवानगी, बांगलादेश, अमिराती, श्रीलंका वगैरे सहा देशांना. मथळे झकास. पण बेरीज केली तर त्यातली बरीचशी परवानगी आधीच वेगवेगळ्या तारखांना दिलेली होती, एकत्र मांडून पुन्हा जाहीर केली. तरी एका आठवड्यात, ४ मे रोजी, बंदी उठली. ४० टक्के शुल्क नि टनाला ५५० डॉलर किमान मूल्याची अट ठेवून. आमच्या पट्ट्यात मतदान होतं १३ आणि २० मे रोजी. हे तुमच्या कुठल्या तक्त्यात बसतं?

आकडेमोड
तुम्हीच उत्तर दिलंत. तारीख मतदानाची होती. रात्रभराचे निरोप नसते तरी ४ मे आलाच असता.

पट्टी_वाचा
मग २५ एप्रिलचा गुजरातचा निर्णय मतदान बघून घेतला होता का? ओरड झाली नसती तर तो तसाच पचला असता.

गोल्टी_निफाड
आणि ओरड नुसती मोबाईलवर राहिली नाही. दिंडोरी, नाशिक, नगर, धुळे, चारही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. दिंडोरीत तर केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. कांदा भोवला हे पुढे खुद्द अजितदादांनीही बोलून दाखवलं.

सकाळचा_निरोप
पाच-सहा महिन्यांनी विधानसभेला काय झालं तेही लिहा की. नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ महायुतीचे. कुठे गेला कांदा?

गोल्टी_निफाड
१३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्याची अट काढली नि शुल्क ४० चं २० केलं, ते उगाच का? शिवाय लाडक्या बहिणींच्या खात्यात महिन्याला १५०० येऊ लागले होते. आमच्या घरातही आले, खोटं कशाला बोलू. उरलेलं २० टक्के मात्र १ एप्रिल २०२५ ला गेलं, म्हणजे आमचा लाल कांदा विकून झाल्यावर.

मधला_बाक
शुल्क पूर्ण गेलं त्या दिवशी कुणी काही पोस्ट टाकल्याचं आठवतंय का कुणाला? मी शोधलं. एका निर्यातदार संघटनेचं आभाराचं पत्र आणि त्याखाली 'फार उशीर केला' असं कुणीतरी लिहिलेलं.

पोळीभाजी_ठाणे
आम्हाला तर ते कळलंच नव्हतं. भाऊ, तुमच्या चाळीतला उन्हाळ ३५ ला जातो म्हणालात. ठाण्यापर्यंत गाडी पाठवता का? मी धरून पाच केंद्रं आहोत, मिळून आठवड्याला दोन क्विंटल तरी लागतो. ४५ देऊ, रोख.

गोल्टी_निफाड
ताई, दोन क्विंटलला गाडी परवडत नाही. दहा करा, मग बोलू. व्यक्तिगत निरोप करतो.