टॅग, टोपणनाव आणि बॅकअप

कुणीतरी विचारलंय की गे कथांचा ग्रुप चालवायला एवढे नियम कशाला, कथा चांगली असली की झालं ना. मला नाही पटत. आमच्याकडे एकाने पहिलीच कथा टाकली, शेवटी नायक जीव देतो, वर काहीच सूचना नाही, आणि रात्री दोनला एका वाचकाचा मेसेज, आज हे वाचायला नको होतं हो. मी पहाटेपर्यंत त्याच्याशी बोलत बसलो. तेव्हापासून कथेच्या डोक्यावर इशाऱ्याच्या दोन ओळी, म्हणजे टॅग, सक्तीच्या. आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही चाहत्यांनी लिहिलेल्या कथांची वेबसाइट २००९ पासून स्वयंसेवक चालवतात, तिथे लेखक इशारा देतो किंवा देणार नाही असं तरी निवडतो, ही सोय मला फार आवडते कारण शेवटही फुटत नाही आणि वाचकही सावध होतो.

खरं नाव मात्र कुणालाच विचारू नका, अगदी मॉडरेटरनेही नाही, कितीतरी जण घरी कळू न देता लिहितात.

आणि बॅकअप घ्याच! याहू ग्रुप्स, म्हणजे याहूची ऑनलाइन गटांची सेवा, २०२० मध्ये कायमची बंद झाली, जुनं लिखाण त्याआधीच पुसलेलं, ज्यांनी उतरवून ठेवलं त्यांचंच राहिलं. आम्ही दर महिन्याला लेखकाला विचारून कॉपी काढतो, आणि त्याने काढून टाक म्हटलं की तीही पुसतो.